काम आहे, पद नाही: पीएचडीनंतर प्राध्यापकाची नोकरी का लागत नाही

मागच्या रविवारी माझ्या मोठ्या बहिणीचा पोरगा घरी आला. यंदा एमए झालाय. तर्री पोह्याची प्लेट अर्धी होईपर्यंत गप्प होता आणि मग एकदम म्हणाला, "मावशी, मी पीएचडी करू काय?" मी म्हटलं कर की, कोण नाही म्हणतंय. तर म्हणे, "तू तर केली ना, मग तू अजून एसटीनं कायले धक्के खाऊन राहिली? परमनंट काहून नाही करत तुले?"

आता याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही हो. मी प्रयत्न केला, चहा दोनदा झाला, तरी त्याच्या डोक्यात गोंधळच. घरच्यांच्याही डोक्यात तोच गोंधळ आहे, म्हणजे सासूबाईंना वाटतं मी कॉलेजात आहे म्हणजे सातवा वेतन आयोग, आणि शेजारच्या काकूंना वाटतं मी क्लास घेते. दोन्ही खरं नाही. म्हणून त्याला जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं ते सगळं इथे लिहून काढतेय, मी इकॉनॉमिक्सची आहे पण भाषा साधीच ठेवते.

पहिली गोष्ट, प्राध्यापक हा शब्द एक असला तरी त्याखाली वेगवेगळ्या जातीची माणसं बसलेली असतात, आणि तीही एकाच स्टाफरूमच्या एकाच टेबलाभोवती. परमनंट सर असतात, म्हणजे अनुदानित पदावर, त्यांचा पगार सरकार देतं. मग विनाअनुदानित तुकडीवरचे असतात, त्यांना संस्था देते, म्हणजे जे परवडेल ते देते. काही ठिकाणी अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचे असतात. आणि मग आम्ही, सीएचबीवाले. सीएचबी म्हणजे घड्याळी तासिका, जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे. पोरांना यातला फरक कळत नाही, त्यांना सगळेच सर आणि मॅडम. पण कॉलेजच्या दारात जो स्टाफचा बोर्ड रंगवलेला असतो ना, त्यावर आमचं नाव नसतं. परमनंटवाले मस्टरवर सही करतात, आमचं रजिस्टर वेगळं, त्यात तारीख, वर्ग, पिरियड आणि टॉपिक लिहून सही. कपाटाचं लॉकरही नाही, सात वर्षं झाली मी माझी पुस्तकं लायब्ररीवाल्या दादांच्या टेबलाखाली ठेवते, त्यांची मेहरबानी.

आता या टेबलावर बसायला लागतं काय, तर पात्रता. आणि पात्रतेची गंमत अशी की ती कधी स्थिरच राहिली नाही. १९९१ मध्ये नेट सेट आलं, म्हणजे एमए एमएस्सीनंतर ही परीक्षा पास झालात तरच लेक्चरर. नेट देशभराची, सेट राज्याची, आपल्याकडं सेट पुणे विद्यापीठ घेतं. मग २००९ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या आयोगानं, सांगितलं की नवीन नियमांप्रमाणे पीएचडी केली असेल तर नेट सेट माफ. झालं, लोक पीएचडीकडे वळले. मग २०१८ चं रेग्युलेशन आलं, त्यात लिहिलेलं की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठाच्या विभागांमध्ये असिस्टंट प्रोफेसर, म्हणजे पूर्वीचा लेक्चरर, व्हायला पीएचडी लागणारच. म्हणजे आधी जी पीएचडी नेटला पर्याय होती तीच आता सक्तीची. माझं सेट झालेलं होतं, पीएचडी रेंगाळत चाललेली होती, हे वाचून मी धसका घेतला आणि दोन वर्षं बाकी सगळं सोडून थिसिस उरकला, पोराच्या तापात रात्री दोन वाजता टेबलं भरलेली आठवतात मला. मग कोरोना आला, तारीख ढकलून १ जुलै २०२३ केली. आणि ती तारीख आली तेव्हा यूजीसीनं जाहीर केलं की नाही, नेट सेट हीच किमान अट, पीएचडी ऐच्छिक. ऐच्छिक! माझ्या गळ्यात तोवर डॉक्टर हा शब्द पडलेला होता.

पण ऐच्छिक म्हणजे निरुपयोगी नाही, हे भाच्याला नीट सांगावं लागलं. अर्ज आले की छाननी होते, त्याला मार्कांचा तक्ता आहे २०१८ च्या नियमात. विद्यापीठातल्या पदासाठी १०० पैकी ३० मार्क एकट्या पीएचडीला, आणि नेटला ५, नेट जेआरएफ, म्हणजे नेटमधून संशोधनाची फेलोशिपही लागली असेल तर ७, सेटला ३. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ असे जास्तीत जास्त १०. कॉलेजच्या पदासाठी तक्ता थोडा वेगळा, पीएचडीला २५. म्हणजे कागदावर पीएचडी ऐच्छिक आणि रांगेत ती नसेल तर तुमचा नंबर खिडकीपर्यंत पोचत नाही. बिनापीएचडीचा नेटवाला आणि पीएचडीवाला एका जागेसाठी उभे राहिले तर मुलाखतीला कोणाला बोलावतील ते सांगायला ज्योतिषी नको.

आणि खरी मेख त्याच तक्त्याखालच्या टीपेत आहे, जी फार कमी लोक वाचतात. हे मार्क फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं तेवढ्यासाठी, निवड मात्र मुलाखतीतल्या कामगिरीवरच. म्हणजे बीएपासूनची सगळी गुणपत्रिका, पेपर, पुस्तकं, अनुभव हे सगळं तुम्हाला त्या खोलीच्या दारापर्यंत आणून सोडतं आणि दाराच्या आत पाटी पुन्हा कोरी. मार्क आणि मुलाखत यांचं प्रमाण काय असावं यावर आपल्या राज्यात मध्यंतरी बराच खल झाला, तो व्हायलाच पाहिजे होता.

माझी एक मुलाखत सांगते. विदर्भातलीच एक संस्था, नाव कशाला. एक जागा, सकाळी दहाला बोलावलेलं, आम्ही पन्नासच्या आसपास लोक व्हरांड्यात. मे महिना, कूलर एकच आणि तो ऑफिसकडे तोंड करून. सगळ्यांच्या मांडीवर चार चार किलोच्या फायली, रंगीत टॅग लावलेल्या, पब्लिकेशन पिवळा, सर्टिफिकेट हिरवा, अशा. माझा नंबर साडेपाचला आला. आत विचारलं, "कुठून आल्या?" म्हटलं नागपूरहून. "अच्छा, जवळच आहे." मग थिसिसचं शीर्षक विचारलं, ते ऐकून एक जण म्हणाले चांगला विषय आहे, आणि झालं, चार मिनिटं. फाईल कोणी उघडलीही नाही, टॅग जसेच्या तसे. व्हरांड्यात एक मुलगा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हातात फक्त एक पातळ प्लास्टिकचं फोल्डर, दिवसभर निवांत फोनवर. दुपारीच आमच्यातल्या एका अनुभवी सरांनी हळूच सांगितलं, बघा, ज्याच्याकडं फाईल नाही त्याचंच होईल. झालंही. आता तो मुलगा खरंच हुशार असेल, माझ्यापेक्षा छान बोलला असेल, मी काही आत नव्हते, पुरावा माझ्याकडे नाही. पण अशा गोष्टी इतक्या ऐकू येतात की आता जाहिरात आली की जागा कोणत्या प्रवर्गाची हा पहिला प्रश्न नसतो, "कोणाचा माणूस आहे" हा असतो, आणि दुसरा किती लाखांचा ते तुम्हाला माहीतच आहे. प्रामाणिकपणे घेणाऱ्या संस्थाही आहेत, माझी एक मैत्रीण एक पैसा न देता लागलीये, तिला मात्र आयुष्यभर लोक विचारतात, किती दिले.

बरं हे झालं जागा निघाल्यावरचं. जागा निघते कशी हे बघा, कारण खरा घोळ तिथेच आहे.

समजा एका अनुदानित कॉलेजात आमच्या विषयाची तीन मंजूर पदं आहेत. मंजूर कशावरून, तर वर्कलोडवरून, असिस्टंट प्रोफेसरनं आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, तेवढे तास भरले की एक पद. त्यातले एक सर साठीला रिटायर झाले. पोरं तेवढीच, तास तेवढेच, टाइमटेबलही तेच. साध्या माणसाला वाटेल की लगेच जाहिरात निघेल. नाही. पद रिकामं झालं की ते भरायची परवानगी आधी सरकारकडून यावी लागते आणि पगाराचा बोजा सरकारवर असल्यामुळं चावी वित्त विभागाकडे. ती मिळाली की बिंदुनामावली, म्हणजे रोस्टर, कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला जातं ते तपासून घ्यायचं. मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची एनओसी. मग पेपरात जाहिरात, मग विद्यापीठाकडून निवड समिती, कुलगुरूंचा प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ, सगळ्यांची तारीख जुळवायची. मग मुलाखत, मग विद्यापीठाचं अप्रूव्हल, मग परत सहसंचालक, आणि मग पगार सुरू. यात कुठेही एक कागद अडला की वर्ष गेलं. आणि राज्यातलं आरक्षण बदललं की रोस्टर नव्यानं, मराठा आरक्षण २०१८ ला आलं, २०२१ ला सुप्रीम कोर्टात रद्द झालं, २०२४ ला नव्या कायद्यानं पुन्हा आलं, आरक्षण असावं की नाही हा माझा मुद्दाच नाही, मुद्दा हा की प्रत्येक वेळी झालेली तयारी पुसून परत पहिल्यापासून, आणि अनेक संस्थांना हे निमित्त बरंच सोयीचं पडतं.

परवानगीचं तर विचारूच नका. २०१७ ला भरतीवर बंदी आली. आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये रिकाम्या पदांपैकी ४० टक्के भरायला हो म्हटलं, ती राज्यभरात मिळून ३,५८० पदं. ती भरता भरता मे २०२० मध्ये कोरोनामुळं सगळी भरती गोठवली, तेव्हा त्यातली २,०८८ अजून बाकी होती. ती भरायची परवानगी नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली. म्हणजे २०१८ ची पदं २०२२ नंतर भरली जातायत, आणि तोवर आणखी सर रिटायर होतच होते ना, ते काही बंदी उठायची वाट बघत थांबले नव्हते. ४० टक्के भरायला निघालात तर उरलेले ६० तसेच, वर नवीन रिकामी. खालून गळकी बादली भरायचा प्रकार.

मग तीन पदांचं काम उरलेले दोघंच करतात का? नाही. तिथे आम्ही येतो. रिकाम्या एका पदाचा वर्कलोड तोडायचा, अर्धा एका सीएचबीला, अर्धा दुसऱ्याला. काम झालं, टाइमटेबल भरलं, कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या कमिटीला वर्ग चालू दिसले. माझं म्हणणं एवढंच आहे आणि भाच्यालाही तेच सांगितलं: काम आहे, रोज आहे, आठ दहाच्या तासाला पोरं येऊन बसतात. नाही ते फक्त पद.

लोक म्हणतात पीएचडीवाले जास्त झाले म्हणून ही वेळ आली. मी स्वतः वर्गात डिमांड सप्लाय शिकवते, मलाही वर्षभर हेच पटायचं. पण जरा बघा. मालाचं जास्त उत्पादन झालं म्हणजे काय होतं, गोदाम भरलेलं आणि गिऱ्हाईक नाही. इथे तर गिऱ्हाईक दारात उभं आहे, वर्ग शिकवायला माणूस हवाच आहे, फक्त पूर्ण भावानं घ्यायचं नाही, किरकोळीत घ्यायचं आहे. हां, सप्लाय वाढला हेही खोटं नाही. बार्टी, सारथी आणि आपल्या नागपुरातली महाज्योती, यांच्या फेलोशिपमुळं ज्यांच्या घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं अशी पोरं संशोधनाला आली, आणि ती यायलाच पाहिजे होती. काही जण नोकरी नाही म्हणून पीएचडीला बसतात, बसस्टॉपवर बसावं तसं. काही थिसिस असे असतात की वाचवत नाहीत, तेही कबूल. पण उद्या निम्मे पीएचडीवाले गायब झाले तरी वित्त विभागाची परवानगी त्यामुळं लवकर येणार नाहीये.

आता पैशाचं, कारण भाचा मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडूनच बसला होता. परमनंट असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं बेसिक ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. नुसतं बेसिक धरलं तरी वर्षाचे ६ लाख ९२ हजार ४००. सीएचबीचा रेट पूर्वी लाज वाटावी इतका कमी होता, आंदोलनं झाली, वाढत वाढत आता हजाराच्या आसपास आलाय, हिशेबाला सोपं म्हणून तासाला ९०० धरा. माझ्याकडे आठवड्याला ९ तासिका. म्हणजे ८,१०० आठवड्याचे, चार आठवड्यांचे ३२,४००. भाचा म्हणाला, "मावशी, वाईट नाही ना मग?" थांब म्हटलं. तासिका झाली तरच पैसे. नेमणूकच ॲडमिशन वगैरे आटोपून जुलै नाहीतर ऑगस्टमध्ये, कधी त्याही पुढे, आणि ती दरवर्षी नव्यानं, अर्ज, मुलाखत, ऑर्डर सगळं परत. पोळा, गणपती, दसरा, दिवाळीची सुटी, हिवाळी परीक्षा, गॅदरिंग, इलेक्शन ड्युटीला कॉलेजची इमारत गेली, उन्हाळी परीक्षा. हे सगळं वजा केलं की वर्षात २४ आठवडे खरे शिकवायचे उरतात, तेही बऱ्या वर्षी. २१६ तासिका, १ लाख ९४ हजार ४००. बाराने भागा, सोळा हजार दोनशे महिना. पेपर तपासणं, इंटर्नल, एनएसएसचा कॅम्प, नॅकच्या फायली, ॲडमिशन ड्युटी यातलं बरंच आम्ही करतो, कारण नाही म्हटलं की पुढच्या वर्षी ऑर्डर कोणाला द्यायची हे त्यांच्याच हातात.

आणि हे बघा, यूजीसीची जेआरएफ लागलेल्या विद्यार्थ्याला २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडी करत असताना ३७,००० आणि ती पूर्ण करून शिकवायला लागलात की १६,०००. शिक्षण वाढलं की उत्पन्न वाढतं असं मी पोरांना एका युनिटमध्ये शिकवते. आलेखासकट.

बिलाची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. महिना संपला की तासिकांचं बिल भरायचं, छापील फॉर्म असतो. तारीख, वर्ग, पिरियड नंबर, वेळ, टॉपिक, प्रत्येक ओळीपुढे सही. मग विभागप्रमुखांची सही, मग ऑफिसात बाबू रजिस्टरशी ताडून बघतो, मग प्राचार्य, मग सगळ्यांची बिलं गोळा झाली की पुढे. एकाचं जरी राहिलं तरी गठ्ठा थांबतो. त्यातून ग्रँट आली नसेल तर नाहीच. दिवाळीच्या आधी शिकवलेल्याचे पैसे होळीला आलेत माझे, एकदा नाही, बरेचदा. एका वर्षी मी घाईत तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची तासिका लिहिली, त्या दिवशी आपल्याकडे सुटी असते, मी घरी लाकडी बैल सजवत बसले होते पोरासोबत आणि लिहिताना वार चुकला. नऊशे रुपयांची एक ओळ. पूर्ण बिल परत आलं, सोबत आणखी अकरा जणांचं. महिनाभर स्टाफरूममध्ये सगळे मला "काय मॅडम, बैल विकले काय" म्हणून चिडवायचे, हसत हसत, पण त्यातल्या दोघांचं घरभाडं थकलं होतं हे मला माहीत होतं.

यूजीसीच्या कागदांवर मात्र सगळं छान आहे. गेस्ट फॅकल्टीला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० हे २०१९ पासून लिहिलेलं आहे. कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत हेही २०१८ च्या नियमात आहे, आणि त्यांना नियमित असिस्टंट प्रोफेसरच्या महिन्याच्या पगारापेक्षा कमी देऊ नये हेही.

आणि याच शेवटच्या वाक्यातून आमची सगळ्यात मोठी गोची तयार होते, हे जरा सावकाश वाचा. त्याच नियमांमध्ये पुढे आहे की पूर्वीची हंगामी, तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा, तिला नाव काहीही असो, थेट भरतीला आणि प्रमोशनला धरता येईल, पण अटी आहेत. तेव्हा तुमची पात्रता पूर्ण असावी, ठीक, आहे. रीतसर निवड समितीनं नेमलेलं असावं, ठीक, कसंबसं दाखवता येईल. आणि तेव्हा तुम्हाला मिळणारा एकूण पगार नियमित असिस्टंट प्रोफेसरच्या पगारापेक्षा कमी नसावा. आलं लक्षात? कमी पैसे द्यायचे नाहीत हा नियम त्यांनी मोडला, आणि त्याची शिक्षा मला, की तुला पैसे कमी मिळाले ना, मग तो अनुभव अनुभवच नाही. सात वर्षं मी ज्या पोरांना शिकवलं त्यातली दोघं बँकेत लागली, एक तहसीलमध्ये आहे, आणि असोसिएट प्रोफेसरच्या पदासाठी माझी सेवा मोजायला बसलं तर उत्तर शून्य. पहिल्यांदा हे कलम वाचलं तेव्हा मला वाटलं मला इंग्रजी कळत नाहीये, मग एका वकील मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली तुला बरोबर कळलंय.

गाईडचंही तसंच. पीएचडीचा मार्गदर्शक व्हायला तुम्ही नियमित शिक्षक पाहिजेत, असिस्टंट प्रोफेसरला ४, असोसिएटला ६, प्रोफेसरला ८ विद्यार्थी घेता येतात. मी डॉक्टर आहे पण गाईड नाही होऊ शकत. आणि परमनंट सर रिटायर होत जातात तसे गाईड कमी होतात, म्हणून भाच्यासारखी पोरं गाईड शोधत एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरतात. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ चं, शंभरी ओलांडलेलं, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया एवढा पसारा, त्यात गाईड मिळवणं हीच पोरांची पहिली परीक्षा होऊन बसलीये, पीएचडीची प्रवेश परीक्षा, पेट, ती नंतर.

कोर्टात जाऊन होतं काय काही? होतं कधी कधी. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या कंत्राटी असिस्टंट प्रोफेसरांच्या केसमध्ये निकाल दिला. वर्षानुवर्षं महिन्याला ३०,००० वर काम करत होते ते, नियमित लोक करतात तेच काम. कोर्टानं त्यांना असिस्टंट प्रोफेसरचं किमान वेतन द्यायला सांगितलं आणि समारंभात गुरुर्ब्रह्मा म्हणून भागत नाही, तसं वागवावंही लागतं अशा अर्थाचं सुनावलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी पेढे वाटल्यासारखं वातावरण. पण तो निकाल त्या लोकांच्या केसमधला, कंत्राटी पदांवरचा, आपण पडलो घड्याळी, आपल्याला लागू करून घ्यायचा तर आपल्यालाच जाऊन भांडावं लागेल, आणि भांडणाऱ्याला पुढच्या जुलैत ऑर्डर कोण देणार. इथे येऊन सगळ्या चर्चा थांबतात.

बाकी डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमला आमचा मंडप असतोच. राज्यभरातून नेट सेट पीएचडीवाले येतात, कोल्हापूर, नांदेडहून आलेले लोक रात्री थंडीत तिथेच झोपतात, आम्ही नागपूरवाले घरून डबे आणि चादरी नेतो. एका वर्षी शेजारच्या मंडपातल्या एका आजीनं मला विचारलं, "बाई, तुमचं काय मागणं?" मी समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मास्तर आहा, पण नाही बी." मी इतके दिवस लिहितेय, इतकं नेमकं मला जमलं नाही.

मग भाच्याला काय सांगितलं? आधी नेट, आणि जेआरएफचंच लक्ष्य ठेव, कारण जून २०२४ पासून नेटच्या स्कोअरवर पीएचडीचा प्रवेशही होतो आणि फेलोशिप असेल तर निदान त्या पाच वर्षांत घरच्यांपुढे हात पसरावा लागत नाही. फेलोशिप नसेल तर करू नको असं मी सरळ सांगितलं, बहिणीला ते आवडलं नाही. सरकारी कॉलेजची पदं, म्हणजे आपलं मॉरिस किंवा सायन्स इन्स्टिट्यूट, एमपीएससीतून भरतात, जाहिरात क्वचित येते पण तिथे निदान फाईल उघडून बघतात, तिकडेही डोळा ठेव. खाजगी विद्यापीठं घेतात लवकर, पगार बरा वाईट दोन्ही, सकाळी नऊ ते पाच आणि वर ॲडमिशनची टार्गेटं. २००१ नंतर निघालेल्या कॉलेजांत परमनंट म्हणाले तरी अनुदान नाही हे आधी विचारून घे, नाहीतर लग्नाच्या बाजारात एक सांगायचं आणि पासबुकात दुसरंच. आणि पीएचडीच्या सोबत दुसरं एक काहीतरी शीक, डेटाचं काम म्हण, भाषांतर म्हण, ज्याचे पैसे मे महिन्यातही येतात. मी हे फार उशिरा केलं, आता उन्हाळ्यात एका प्रकाशनाच्या पुस्तकांची प्रुफं तपासते, ४६ डिग्रीत पंख्याखाली.

त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बरं, पण समजा मी सीएचबी लागलोच तर?"

तर पहिल्या दिवसापासून एक फाईल कर, म्हटलं. दरवर्षीची जाहिरात कापून ठेव, पेपराचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. मुलाखतीचं पत्र, निवड समितीचा कागद मिळत असेल तर त्याची झेरॉक्स, नेमणुकीची ऑर्डर, विद्यापीठाचं अप्रूव्हल, त्यावर जावक क्रमांक आहे ना ते बघ, टाइमटेबल सहीशिक्क्यासकट, प्रत्येक बिलाची कॉपी आणि बँकेचं स्टेटमेंट. अनुभव प्रमाणपत्र प्राचार्य रिटायर व्हायच्या आधी घे, नंतरचे म्हणतात मी तेव्हा नव्हतो. माझी २०१९-२० ची अप्रूव्हलची प्रत ऑफिस बदलताना हरवली, त्या एका वर्षासाठी तीन चकरा झाल्या आणि अजून मिळालेली नाही. सोमवारी परत जाणार आहे, चार तासिका आटोपून, ऑफिस पाचला बंद होतं.